खणातली खाण

वर्धा जिल्ह्यात सोन्याची खाण आहे. आर्वीत आहे, हिंगणघाटात आहे, देवळी-पुलगावातही आहे. भूगर्भाचे जाणकार हे ऐकून हसतील. इथल्या काळ्या मातीखाली थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, त्यात सोनं कुठून येणार? पण ही खाण जमिनीखाली नाहीच. ती टेबलाच्या खणात आहे, गुंता झालेल्या चार्जरांच्या खाली. बंद पडलेला मोबाइल म्हणजेच ती खाण.

हिशेबच करू. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये एका मोबाइलमधल्या धातूंचा अंदाज मांडला होता. तांबं सुमारे १६ ग्रॅम, चांदी ३५० मिलिग्रॅम, सोनं ३४ मिलिग्रॅम, पॅलेडियम १५ मिलिग्रॅम. मॉडेलप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात, पण अंदाजाला पुरेसे आहेत. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. चार माणसांमागे एक निकामी फोन धरला, तर झाले सव्वातीन लाख फोन. त्यांतलं तांबं पाच टनांवर जातं, चांदी एक क्विंटलहून जास्त भरते आणि सोनं? अकरा किलो! दहा ग्रॅमचा तोळा धरला तर अकराशे तोळे.

पण फोनमध्ये सोनं घालायचंच कशाला? हौस म्हणून नक्कीच नाही. फोनमधले संकेत म्हणजे विजेचे अतिशय क्षीण झटके. ते जिथे एका भागातून दुसऱ्या भागात जातात, तिथे गंजाचा पुसटसा थरही चालत नाही. तांबं हवेत काळवंडतं, चांदीही काळी पडते. सोनं मात्र वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. म्हणून जोडणीच्या जागांवर सोन्याचा मुलामा देतात. तो केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो.

आणि नवल काही सोन्यापाशी संपत नाही. खिशात फोन थरथरतो, तो कशामुळे? अनेक फोनांत एक चिमुकली मोटर असते आणि तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला कललेलं वजन बसवलेलं असतं. ते फिरलं की तोल जातो आणि फोन थरथरतो. एवढ्याशा जागेत पुरेसं वजन मावायला धातू अतिशय जड हवा, म्हणून तिथे बहुधा टंगस्टन असतं. पडद्यावर बोट टेकताच फोनला कळतं, त्यामागे इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा थर आहे. तो काचेसारखा पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो! स्पीकरच्या चुंबकात निओडायमियम आहे, बॅटरीत लिथियम आहे आणि बहुतेक वेळा कोबाल्टही. कोबाल्ट मुख्यतः आफ्रिकेतल्या काँगोमधून येतो.

आता खऱ्या खाणीकडे वळू. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला सोन्याची खाण आहे. खोल जमिनीतून टनभर खडक वर आणायचा, त्याची भुकटी करायची, तेव्हा कुठे मोजके ग्रॅम सोनं हाती लागतं. फोन १०० ग्रॅमचा धरला तर टनभर म्हणजे दहा हजार फोन, आणि वरच्या हिशेबाने त्यांत ३४० ग्रॅम सोनं निघतं. कुठल्या खडकात एवढं सोनं सापडलं असतं, तर त्या गावाचं नाव जगभर झालं असतं!

सोनं आहे हे तर कळलं. पण ते काढायचं कसं? सराफ बाजारातली धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून, पाण्यात हलवून सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. त्यांना एक सोय असते. धुळीतलं सोनं सुटं असतं आणि जड असल्यामुळे तळाशी बसतं. फोनमधलं सोनं सुटं नाही. ते निकेलला चिकटलेलं, निकेल तांब्याला चिकटलेलं आणि ते सगळं प्लास्टिक व काचतंतूंच्या पाटीवर जखडलेलं. कितीही हलवा, बाहेर येणार नाही.

इथे धातुशास्त्राची युक्ती कामाला येते. आधी बॅटरी काढून वेगळी करतात, कारण ती भट्टीत गेली तर भडका उडतो. मग लोखंड, ॲल्युमिनियम जमेल तितकं बाजूला काढतात आणि उरलेले सर्किटचे तुकडे हजार अंशांहून कितीतरी जास्त तापलेल्या भट्टीत टाकतात. प्लास्टिक जळून उष्णता देतं, धूर मोठमोठ्या यंत्रांतून शुद्ध होऊन बाहेर पडतो. आणि वितळलेलं तांबं? ते सोनं, चांदी, पॅलेडियम अशा सगळ्या मौल्यवान धातूंना स्वतःत विरघळवून घेतं. काच आणि माती मळी होऊन वर तरंगते, ती काढून टाकतात.

आता तांब्याच्या पोटात दडलेलं सोनं सोडवायचं. त्या तांब्याच्या लाद्या आम्लाच्या द्रावणात टांगून वीज सोडतात. तांब्याचे अणू लादी सोडून द्रावणातून पोहत पलीकडच्या पत्र्यावर जाऊन बसतात. सोनं, चांदी मात्र विरघळायलाच तयार नसतात. त्यांना धरून ठेवणारं तांबं निघून गेलं की ती सुटतात आणि तळाशी पडतात, चिखल होऊन! फोनमधलं सगळं सोनं शेवटी त्या मळकट चिखलात असतं. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन इथे उमिकोर कंपनीचा कारखाना आहे. तो अशा मालातून सतरा धातू वेगळे काढतो. भट्टीला सगळंच जमतं असं नाही. निओडायमियम आणि टँटलम बहुतेक करून मळीत वाहून जातात.

हेच काम अंगणात केलं तर? सर्किट उघड्यावर जाळायचं, आम्लात बुडवायचं आणि जे दिसेल ते सोनं उचलायचं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला, दिल्लीत सीलमपूरला असं होत आलंय. धुरात शिसं आणि डायॉक्सिन, उरलेलं आम्ल नाल्यात. शिवाय कितीतरी धातू वायाच जातात.

नीट केलं तर काय होतं, ते टोकियोने दाखवलं. २०१७ ते २०१९ या काळात जपानी लोकांनी ६२ लाखांवर मोबाइल आणि हजारो टन इतर जुनी उपकरणं जमा केली. त्यांतून ३२ किलो सोनं, ३५०० किलो चांदी आणि २२०० किलो कांस्य निघालं. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकची सुमारे ५००० पदकं त्यातूनच घडली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने गळ्यात घातलेलं सुवर्णपदक कुणाच्या तरी अडगळीतून आलं होतं!

या सगळ्यातला विचार वर्ध्याला मुळीच नवा नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांचं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक १९४५ चं. निसर्गातली काही संपत्ती साठ्याची, काही प्रवाहाची, अशी त्यांची मांडणी. कोळसा, खनिज तेल आणि धातूंची खनिजं हा साठा, उपसला की संपणारा. कोळसा जळाला की गेलाच. पण सोन्याचा, तांब्याचा अणू झिजत नाही, म्हातारा होत नाही. पाहिजे तितक्या वेळा वितळवा, तो तसाच राहतो. म्हणजे आपण धातू परत फिरवले, तर साठ्याचाच प्रवाह करता येतो.

मग आपण काय करायचं? आधी दुरुस्तीच्या दुकानात विचारा, कारण फोन जितका जास्त काळ वापराल तितकं चांगलं. फोनने होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो पहिल्यांदा सुरू होण्याआधी, घडतानाच झालेला असतो. खरंच निकामी असेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढा, खात्यातून बाहेर पडा, फॅक्टरी रीसेट करा. अलीकडच्या फोनांत माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि रीसेट केल्यावर ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. फोटो, निरोप सगळं निरर्थक होऊन बसतं. बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन घंटागाडीत टाकू नका. कंपनीच्या सेवा केंद्रात द्या, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या अधिकृत संकलकाकडे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे.

शेवटी गणित विसरू नका. एका फोनमधल्या ३४ मिलिग्रॅम सोन्यासाठी कुणी भट्टी पेटवणार नाही. हजारो फोन एका जागी आले तरच त्यांची खाण होते. म्हणून शाळेने, गणेश मंडळाने, पतसंस्थेने वर्षातून एक दिवस मोबाइल गोळा करायला हरकत नाही. नाही तर अकराशे तोळे अकराशे ठिकाणी विखुरलेलेच राहतील.