ओळखा पाहू, राग कोणता?

सकाळी ह्यांचा डबा जातो, मुलं शाळेत पोचतात, आणि मी पोळ्यांची कणीक मळायला घेते. नेमकं तेव्हाच मोबाईल वाजतो. हात कणकेत, पण मन काही थाऱ्यावर राहत नाही. कारण आमच्या सातजणींच्या गटात त्या दिवसाचं कोडं आलेलं असतं. चाळीस सेकंदांची नुसती आलापी आणि एकच प्रश्न: राग कोणता?

तुम्ही म्हणाल, पाबळसारख्या गावात राहून हे कसलं खूळ! पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते, फार तर डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. गाण्याची बैठक ऐकायची तर पुणं गाठावं लागतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आहे, पण इतक्या वर्षांत मला तिथं दोनदाच जाता आलं. दोन्ही वेळा निम्मं लक्ष घड्याळाकडे!

लग्नाआधी मी मध्यमेपर्यंत गाणं शिकले होते. सासरी आल्यावर पेटी माळ्यावर गेली. गाऊ नकोस असं मला कोणी म्हटलं नाही. 'गा' असंही कोणी म्हटलं नाही. बघता बघता वीस वर्षं झाली.

हा खेळ माझ्या धाकट्या बहिणीनं काढला. ती सांगलीला, आमच्या वन्सं नाशिकला, बाकीच्या शाळेतल्या मैत्रिणी. तुम्हालाही खेळायचा असेल तर आमची पद्धत सांगते. तुकडा आलापीचाच घ्यावा. बंदिशीचे शब्द आले की राग हमखास फुटतो. दिवसाला एकच कोडं, नाहीतर आमटी करपते (अनुभवाचे बोल!). आणि मुख्य म्हणजे, राग का ओळखला ते सांगितलंच पाहिजे. 'मला वाटलं' हे उत्तर चालत नाही. नव्यानं खेळणाऱ्यांनी भूप, दुर्गा, यमन, मालकंस एवढ्यांवरच महिनाभर राहावं. भूपात सा रे ग प ध हे पाचच स्वर. त्यातला गंधार काढून शुद्ध मध्यम आणलात की दुर्गा. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीतच, आणि यमन तीव्र मध्यमावरून कळतो. एवढं कानात बसलं तरी नाट्यसंगीत आणि जुनी सिनेमाची गाणी वेगळीच ऐकू यायला लागतात. घरात गीतरामायण असेलच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालिकेतलं पहिलंच गीत भूपात आहे, तिथून आरंभ करा.

कधीकधी राग न विचारता गाणारं कोण, असंही विचारतो. पूर्वीच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर हे कोडं उरतच नसे. १९०२ साली गौहरजाननं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाणं संपताना तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगून टाकलं होतं! आमच्याकडे अशी सोय नाही. एकदा गंगूबाई हनगल यांचा तुकडा आला, तर चौघींनी चार बुवांची नावं लिहिली. तो भारदस्त आवाज बाईचा आहे हे पटवून द्यावं लागलं. आणि त्यांचे गुरू सवाई गंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, आहे की नाही गंमत!

खरी परीक्षा होते ती एकच स्वर असलेल्या रागांची. मारवा, पूरिया आणि सोहनी घ्या. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, आणि पंचम वर्ज्य. पण मारवा रिषभ-धैवतावर हुरहूर लावत बसतो, पूरिया खालच्या सप्तकात गंधार-निषादाशी रमतो आणि सोहनी वरच्या षड्जाकडे धाव घेते. एकाच माहेरच्या तीन मुली, पण तिघींची चाल निराळी.

आता त्या दिवसाचं सांगते. घरात माझ्या या नादाविषयी थोडी कुरबुर होतीच. 'कानात बोंडं घालून बसती' असं सासूबाई शेजारी म्हणाल्याचं मला कळलं होतं. म्हणून मी फोन घेऊन मागच्या खोलीत जायची, चोरी केल्यासारखी. त्या दिवशी कानात घालायचं यंत्रच बिघडलं होतं, तेव्हा फोन ओट्यावर ठेवून तुकडा लावला. आई मेथी निवडत होत्या. वन्संनी पाठवलेलं कोडं सोपं दिसत होतं. पाच स्वर, म्हणजे भूप. पाचजणींनी लिहूनही टाकलं. मीही लिहिणार, तोच आई म्हणाल्या,

"परत लाव गं."

लावलं.

"हे पहाटचं हाय. काकड्याला भूपाळी म्हणत्यात तसं वरवरच चाललंय. सांजच्याला आसं कोन म्हणंल?"

मी पुन्हा ऐकलं. खरंच की! भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. इथं आलाप सारखा धैवताला धरून वरच्या षड्जाकडे जात होता. देशकार! स्वर तेच, वेळ सकाळची. मी देशकार लिहिलं, कारणही लिहिलं, आणि खाली 'उत्तर आमच्या आईंचं' असंही लिहिलं. वन्संनी फोनच केला, "आईनं ओळखला? आमच्या आईनं?"

कार्तिकातल्या काकड्याला आई लग्न झाल्यापासून जातात. रागाचं नाव त्यांना आजही ठाऊक नाही. मी मात्र मध्यमा पास! त्या दिवशी पोळ्या लाटताना मला बोलायला सुचेना. मागच्या खोलीत लपून ऐकायची, त्याचीच लाज वाटत होती.

'भाभी की चूडियाँ' या १९६१ च्या चित्रपटातलं, सुधीर फडक्यांनी बांधलेलं लताबाईंचं ते पहाटेचं गाणं आठवतं ना? ते भूप की देशकार, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. आमच्या गटात तर दोन दिवस वाद चालला. आई देशकारच्या बाजूनं. अर्थात त्या म्हणतात, "काकड्यातलं."

परवा ह्यांनी माळ्यावरून पेटी उतरवून दिली. भाता दोन ठिकाणी फाटलाय आणि मधल्या सप्तकातला गंधार मुका झालाय. पुण्याला दुरुस्तीला न्यायची आहे, पण एसटीत घेऊन बसायचं कसं, याचा विचार चाललाय. तोवर भूप म्हणायचा तर गंधार गळ्यानंच लावावा लागतो.