एका छपराची एक वाघीण

एप्रिल 2016. मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे निघाली आणि अख्खा देश बघत राहिला. आधी दहा वाघिणी, मग थेट पन्नास! एका वाघिणीत साधारण 50 हजार लिटर, पूर्ण गाडीत 25 लाख.

आता सांगलीच्या विश्रामबागेतलं एखादं बैठं घर घ्या. छप्पर 1000 चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की झालं एक लिटर. सांगलीचा वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास. करा गुणाकार: 55,800 लिटर! पहिल्या पावसाचं धुवण आणि थोडी गळती सोडून द्या. तरी 50 हजार उरलेच. अहो, म्हणजे दरवर्षी एक भरलेली वाघीण आपल्या डोक्यावर येते आणि आपण ती गटारात ओततो!

माणशी दिवसाला 135 लिटर धरा. चौघांच्या घराला हे पाणी तीन महिने पुरतं. पाच घरं एकत्र आली, तर 20 फूट व्यासाची, 28 फूट खोल विहीर काठोकाठ. बाटलीबंद पाण्याच्या 20 रुपये लिटर भावानं एका छपराचे होतात दहा लाख! आणि पन्नास घरांची कॉलनी? मिरजेची अख्खी गाडी!

थांबू नका. साडेपंधरा हजार छपरं घ्या. पाच लाखांवर वस्तीच्या सांगली-मिरज-कुपवाडला ती जड नाहीत. साडेसत्याहत्तर कोटी लिटर! 3,100 विहिरी! 1,550 कोटी रुपये! एकेक वाघीण बारा-साडेबारा मीटरची. जोडा एकामागे एक. इंजिन मुंबईत सीएसएमटीला, शेवटची वाघीण पुण्याच्या फलाटावर!

आणि सातारा? शाहूपुरी-गोडोलीकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या घरात. तेवढ्याच छपरांची गाडी मुंबईहून पुणं गाठते, तिथून उलटी फिरते, लोणावळा मागे टाकते, कर्जत मागे टाकते आणि बदलापूरही ओलांडते!

लागतं काय? पन्हळ, पाइप, गाळणी, टाकी. टाकी भरली की उरलेलं बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. दोन्ही शहरांचं मिळून 200 कोटी लिटरांहून जास्त पाणी, दर पावसाळ्यात, ना पंप, ना वीजबिल, थेट गच्चीवर पोहोच!