ज्योतीला हवा बाहेरची
घरातली ऊब : लेखांक ५

गेल्या लेखात आपण सिलिंडर, नळी आणि रेग्युलेटर यांची गळती पाहिली. गळणाऱ्या गॅसला निदान वास असतो; माणसाला कळावं म्हणूनच तो मुद्दाम मिसळलेला असतो. आजचा वायू गळतीतून येत नाही, अपुऱ्या जळण्यातून तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड.

भिवंडीत घर तापवायची पाळी येत नाही, असं आपण म्हणतो. खरं तर दोन जागा आपण हमखास तापवतो. एक बाळंतिणीची खोली आणि दुसरं न्हाणीघर. दोन्ही ठिकाणी वारा लागू नये म्हणून आधी दारं-खिडक्या लावून घेतो आणि मग आत आग आणतो.

बाळंतिणीची शेगडी घ्या. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा-बाळंतशोपांची धुरी, खिडकीच्या फटीत कापडाचा बोळा. धूर सरला आणि कोळसा लालबुंद झाला की घरच्या बाया निर्धास्त होतात. पण राखेखाली मंद धुमसणारा निखारा हा वायू भरपूर सोडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. तान्हं बाळ आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगानं श्वास घेतं. आईचं डोकं दुखतं, तिला मळमळतं, गरगरतं. ओल्या बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून ते सोडून दिलं जातं. शेक बंद करा, असं मी म्हणणार नाही, त्यामागे आजीची माया आहे. पण शेक गरम पाण्याच्या पिशवीनं देता येतो. निखारा बंद खोलीत नको, आणि शेगडी ठेवून झोपणं तर अजिबात नको.

न्हाणीघराचं गणित आणखी कडक आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पुरता जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीत गिझरला सुमारे तीन घनमीटर हवा हवी. शांतीनगर किंवा पद्मानगरमधल्या चाळवजा घरातली मोरी चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट धरा. आत हवा भरते जेमतेम साडेपाच घनमीटर. निम्म्याहून जास्त हवा गिझरच्या पोटात जाते, आणि उरलेल्या मिसळलेल्या हवेत ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि विष वाढत जातं. एक जण आंघोळ करून निघाला आणि दार उघडं न ठेवता लगेच दुसरा आत शिरला, तर त्याच्या वाट्याला सुरुवातीपासूनच खराब हवा येते.

हे कोडं थंड देशांनी सोडवलं, ते भिंतीतल्या बंद शेगडीनं. न्यू जर्सीला किंवा टोरांटोला मुलांकडे जाऊन आलेल्यांनी दिवाणखान्यात काचेमागे जळणारी गॅसची शेगडी पाहिली असेल. ती काच शोभेची नसते. शेगडीचा पेटारा खोलीपासून पूर्ण बंद असतो आणि भिंतीतून पाइपात पाइप असा दुहेरी मार्ग बाहेर गेलेला असतो. बाहेरच्या पाइपातून ज्योतीला ताजी हवा येते, आतल्या पाइपातून जळालेली हवा जाते. जाणारी गरम हवा येणाऱ्या थंड हवेला जाता जाता तापवते. घरातल्या माणसांची हवा आणि आगीची हवा एकमेकींना भेटतच नाहीत. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तरी तिलाही पथ्यं आहेत. पाइपाचं बाहेरचं तोंड बर्फानं किंवा पक्ष्याच्या घरट्यानं बुजता कामा नये. काच तडकली किंवा कडेची पट्टी सुटली, की बंदपणा संपला, शेगडी वापरायची नाही. काच दोनशे अंशांच्याही वर तापू शकते. रांगणारं बाळ तिच्यावर तळहात टेकवतं, म्हणून पुढे संरक्षक जाळी हवीच. शिवाय शयनगृहाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

याउलट खोलीचीच हवा खाऊन खोलीतच धूर सोडणारा हीटर काय करतो, हे २०२०च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथे दिसलं. केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, थंडीमुळे गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले आणि आठही जण दगावले.

भिवंडीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या बॉयलरला उंच धुराडं असतं, त्याच्या सुरक्षेसाठी १९२३ सालापासून कायदा आहे. मोरीतल्या गिझरला बहुतेकदा साधं धुराडंही नसतं. माझा आग्रह एवढाच, की गिझर मोरीच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत लावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत आणा. आतच लावणं भाग असेल, तर दुहेरी पाइपाचा सीलबंद गिझर घ्या. साधा गिझर आत आधीच असेल, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग आंघोळीला बसा. मोरीला वर आणि खाली, दोन्हीकडे कायमचे झरोके हवेत. एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, असं समजू नका. गिझरला धुराडं असलं, तरी हवा आत यायला वाट नसेल, तर तो पंखा त्या धुराड्यातला धूरच उलटा आत ओढतो.

आतल्या माणसानं हाक देऊनही ओ दिली नाही, तर दार फोडा, स्वतः श्वास रोखून त्याला मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ला फोन लावा. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात गॅस गिझर चालू होता, हे सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. विषारी वायू धरून बसलेलं रक्तही त्याला चांगलंच वाटतं, आणि आकडा अठ्ठ्याण्णव दिसला म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जाऊ शकतं. रक्ताची वेगळी तपासणी आणि मास्कनं शुद्ध ऑक्सिजन मागून घ्या. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.