हवेचा आकडा आणि विद्यार्थी

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण-शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि यथावकाश पदवीच्या सर्व शाखांत हा विषय दाखल झाला. मात्र तो दाखल झाला बहुतांशी पुस्तकाच्या रूपाने. प्रदूषणाच्या व्याख्या, कारणे व उपाय पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविले, की विद्यार्थ्याचे कर्तव्य संपते. ज्या हवेत तो श्वास घेतो ती मोजतात कशी, हे त्याला ठाऊक नसते.

वस्तुतः हे मापन पदवीच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचेच उदाहरण घ्यावे. पंपाने ओढलेली हवा सोडियम हायड्रॉक्साइड व सोडियम आर्सेनाइट यांच्या द्रावणातून काही तास जाऊ दिली, की या वायूपासून नायट्राइट बनते. त्यात ठरावीक रसायने मिसळताच द्रावण गुलाबी होते. वायू जितका अधिक, तितका रंग गडद. मग ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून सोडावयाचा. तो किती शोषला गेला याची ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना केली, की बिअर-लँबर्ट नियमाच्या आधारे वायूचे प्रमाण निघते. आर्सेनाइट विषारी असल्याने शिक्षकाची देखरेख अपरिहार्य होय. पण साध्या कलरीमीटरवरही आरंभ करता येतो.

या प्रयोगाचे खरे मोल त्यातील शंकेत आहे. अमेरिकेने १९७१ साली या पद्धतीचे मूळ रूप, म्हणजे जेकब्ज-हॉखायझर पद्धत, प्रमाण मानली. द्रावण हवेतील सुमारे ३५ टक्के वायू पकडते, असे तीत गृहीत धरले होते. पुढे आढळले की हे प्रमाण स्थिर नसून हवेतील वायूच्या मात्रेनुसार बदलते. पद्धत मागे घ्यावी लागली. प्रकाश मोजणारे यंत्र चुकले नव्हते, चुकले होते गृहीतक. भारताच्या २००९ च्या मानकांनी मान्य केलेली आर्सेनाइटची पद्धत हे तिचेच सुधारित रूप आहे.

त्या मानकांनुसार या वायूची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. ७८ आणि ८२ यांतील अंतर कितपत विश्वसनीय, हे स्वतः मोजमाप केलेल्यालाच उमगते. असा विद्यार्थी शासनाचा आकडा डोळे मिटून स्वीकारणार नाही आणि खोटा म्हणून झिडकारणारही नाही. तो कसा काढला, हे विचारील. पर्यावरण-शिक्षणाने घडवावयाचा नागरिक तो हाच.