दुआ करू या, दवाही देऊ या

घरातला तरुण मुलगा रात्ररात्र जागतो, स्वतःशीच बोलतो, कॉलेज सोडून कोपऱ्यात बसतो. आपण आधी काय म्हणतो? ‘नजर लागली’, ‘असर झालाय’. मग तावीज, मग दर्गा. डॉक्टर सगळ्यात शेवटी.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा जीव गेला. बरे होण्याच्या आशेनेच त्यांना तिथे ठेवले होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावेच लागले, तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि घरचे जबाबदार माणूस सोबत राहते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. मात्र लवकर गेल्यास पुष्कळदा दाखल होण्याची वेळच येत नाही. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आजारावर इलाज करून घ्या, ही आपल्या दीनचीच शिकवण आहे. ताप आला तर आपण लपवत नाही. मग मनाचा आजार ‘लोक काय म्हणतील’ म्हणून का लपवावा? दुआ करू या, आणि मुलाचा हात धरून दवाखान्यातही जाऊ या.