लोकलमधली जपमाळ

वसई रोडला सकाळची लोकल पकडणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेला सवड कुठली, असं लोक विचारतात. पण रोझरी, म्हणजे जपमाळ, वाढली ती कामकरी माणसांतच. मध्ययुगात मठवासी १५० स्तोत्रं म्हणत. वाचता न येणाऱ्यांनी त्याऐवजी तितक्याच छोट्या प्रार्थना मण्यांवर मोजल्या. आज एका वेळी दहा-दहा मण्यांचे पाच गट म्हणतात. वीसेक मिनिटं पुरतात, आणि चर्चगेटचा प्रवास तर तासाभराचा! माळ नसली तर बोटं आहेतच. (आमची तसबीहही बोटांच्या पेरांवर मोजता येते, म्हणून मला हे ओळखीचं.)

रविवारच्या मिस्सालाही सवलत आहे. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे शनिवारी संध्याकाळची हजेरी चालते. रविवारी ड्युटी असलेल्या नर्सला याचा केवढा आधार!

अवघड जाते ती घरातली संध्याकाळची रोझरी. ती गाडीत उरकता येत नाही, तिला सगळे एकत्र लागतात. सवड राखायची तर मी म्हणेन, हिच्यासाठी राखा. तेवढा वेळ टीव्ही बंद. आणि ज्याची गाडी रखडली, त्याने येऊन शेवटच्या दहा मण्यांना बसावं.