रात्री ओरडते ते कोण? माणच्या वीटभट्टीवरचा एक शोध



या अंकात मी आपणास एका आवाजाची हकिगत सांगणार आहे. गेल्या हिवाळ्यात माण परिसरातील एका वीटभट्टीवर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू असताना तो आवाज आम्ही सर्वांनी ऐकला. तो कोणाचा हे समजायला आम्हांला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत एका लहान बाळाचा जीव धोक्यात आला होता, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

माण हे मुळशी तालुक्यातील गाव आता हिंजवडीला जोडल्यासारखे झाले आहे. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपो माणमध्येच आहे. एका बाजूला काचेच्या इमारती, तर दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, ओढे आणि डोंगराचा उतार. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर कामाला येतात व पावसाच्या तोंडावर आपल्या वाडीला परततात. कच्च्या विटांच्या चार भिंती, वर ताडपत्री, असे त्यांचे घर. शौचालय नाही, रस्त्यावर दिवा नाही. महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी जमातींची नोंद विशेष असुरक्षित म्हणून झाली आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासोबत कातकरीही आहेत.

जानेवारीतील एका रात्री वर्ग संपत आला असताना अंधारातून एक लांब, खरखरीत किंकाळी आली. कोणी बाई घाबरून ओरडावी, किंवा कोणी पोराचा गळा दाबावा, तशी. मुले पाट्या टाकून घराकडे पळाली. खरे सांगायचे तर माझ्याही अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर एकच विषय होता. एक आजी म्हणाल्या, "भालू वरडली." म्हातारी कोल्हीण वेगळ्याच आवाजात ओरडली की घरात मृत्यू येतो, ही समजूत आपल्या खेड्यांत फार जुनी आहे. कोणी हडळ म्हणाले, कोणी बिबट्या. बायकांनी रात्री बाहेर जाणे बंद केले. दोन कुटुंबे भट्टी सोडून जाण्याच्या गोष्टी करू लागली. उचल फिटलेली नसताना निघून जाणे म्हणजे पुढच्या वर्षीही तेच कर्ज डोक्यावर घेणे.

त्याच आठवड्यात आठ महिन्यांचे एक बाळ तापाने फणफणले. आवाजाचा आणि तापाचा संबंध जोडायला वस्तीला वेळ लागला नाही. "त्याने बाळाला हाक मारली," असे म्हणून बाळाला दवाखान्यात न नेता अंगारा लावला गेला आणि भगताला निरोप गेला.

आधी नोंद, मग निष्कर्ष

"असे काही नसते" एवढे म्हणून भीती जात नाही. आवाज तर सर्वांनी ऐकला होता. म्हणून वर्गातील मोठ्या मुलांना घेऊन मी वहीत चार गोष्टी लिहू लागले: किती वाजता, कोणत्या दिशेने, जमिनीवरून की उंचावरून, आणि कुत्री काय करतात. तीन रात्रींत बरेच काही कळले. आवाज अंधार पडल्यावर लगेच सुरू होई व थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येई. प्रत्येक किंकाळी एक-दोन सेकंदांची. तो ओढ्यापलीकडच्या अर्धवट राहिलेल्या इमारतीकडून व उंचावरून येई. कुत्री त्याच्याकडे लक्षही देत नसत.

आवाज इतका जवळ का वाटे, यालाही कारण आहे. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो व लांबपर्यंत ऐकू येतो. शिवाय दिवसाचा गोंगाट थांबलेला असतो, आणि रिकाम्या सिमेंटच्या खोल्यांत आवाज घुमतो. त्यामुळे दूरचा आवाज दाराशी आल्यासारखा वाटतो.

मग आम्ही एकेक नाव तपासले. कोल्हे सहसा तिन्हीसांजेला किंवा पहाटे ओरडतात, आणि एकाने सुरुवात केली की बाकीचे साथ देतात. इथे साथ कोणी देत नव्हते, आणि कोल्हा काही तिसऱ्या मजल्यावर बसत नाही. टिटवी रात्रीही ओरडते, पण तिचा आवाज तीक्ष्ण व तुटक असतो आणि ती उडत पुढे सरकत जाते. रातवा हा पक्षी चेंडू टप्पे घेत थांबावा तसा 'चक्-चक्-चक्' करतो. शृंगी घुबडाचा घुमणारा 'बूऽऽ' खोल आणि गंभीर असतो. पिंगळे जोडीने कचाकचा भांडल्यासारखा कलकलाट करतात. डोंगरातले भेकर कुत्र्यासारखे भुंकते. यांपैकी एकही आवाज जुळेना.

मी मोबाइलवर आवाज मुद्रित केला. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपला तो ऐकवला, परंतु वारा आणि रस्त्यावरच्या डंपरचा आवाज त्यात मिसळला होता. शेवटी पुण्यातील एका पक्षिमित्रांना तो पाठवला. त्यांनी एक नाव सुचवले आणि सांगितले, "खात्री करायची तर सकाळी त्या जागेखालची जमीन पाहा."

बाबांना कोणी विचारलेच नव्हते

एकटीने जायला नको म्हणून मी वस्तीवरच्या एका वयस्कर बाबांना सोबत येण्याची विनंती केली. त्यांनी तो आवाज मोबाइलवर ऐकला आणि ते हसले.

"ताई, ते घुबाड हाय. पांढऱ्या तोंडाचं. पिल्लं खायाला मागत्यात."

"मग बाबा, आठ दिवस तुम्ही बोलला का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई."

वाचकहो, हे उत्तर मला लागले. मी यंत्राला विचारले, शहरात विचारले. ज्या माणसाचे आयुष्य रानात गेले, त्याला विचारायचे मला सुचले नाही. वस्तीवरचे तरुण तर भीतीच्या भरात म्हाताऱ्याचे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही होत आली आहे. आंध्र प्रदेशातील जेर्डनचा धाविक हा रात्री फिरणारा पक्षी १९०० नंतर कोणा अभ्यासकाला दिसला नव्हता, आणि तो नष्ट झाला असावा असे मानले जात होते. १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण कडप्पा भागात त्याचा शोध घेत होते. तेव्हा तो पक्षी ऐतण्णा नावाच्या स्थानिक शिकाऱ्याला सापडला. पुढे त्या पक्ष्याचा आवाज मुद्रित झाला आणि तोच आवाज ऐकवून त्याचा शोध घेणे सोपे झाले. पुस्तकांतून हरवलेला पक्षी रानातल्या माणसाला सापडला.

इमारतीखाली आम्हांला दोन खुणा मिळाल्या. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ होते, आणि जमिनीवर अंगठ्याएवढे काळपट गोळे पडले होते. बाबांनी एक गोळा काडीने फोडला. आत उंदराचे केस, हाडे आणि एक अख्खी कवटी होती. घुबड भक्ष्य गिळते व न पचणारा भाग असा गोळा करून तोंडाने बाहेर टाकते. वरच्या पोकळीतून फुस्कारल्यासारखा, घोरल्यासारखा आवाज येत होता. ती पिल्ले होती.

हे गव्हाणी घुबड. हे इतर घुबडांसारखे घुमत नाही, किंचाळते. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा, पोटही पांढरट. पिसांच्या कडा मऊ असल्याने उडताना आवाज होत नाही. अंधारात किंचाळत डोक्यावरून गेलेली ही पांढरी आकृती पाहून कोणालाही भूत वाटेल. याचे दोन्ही कान डोक्यावर थोडे वरखाली असतात. त्यामुळे पूर्ण अंधारातही नुसत्या खसफस आवाजावरून त्याला उंदराची जागा समजते. एक कुटुंब मोसमभर शेतातले असंख्य उंदीर फस्त करते. शेतकऱ्याचा असा मित्र आपण अपशकुनी ठरवतो. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्यासाठी घुबडांचे बळी दिले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे, मारणे किंवा विकणे गुन्हा आहे.

आणि बाळ?

ज्या सकाळी आम्ही ते गोळे घेऊन परतलो, त्याच सकाळी मी बाळाला पाहिले. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. मी घड्याळ लावून श्वास मोजले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी हाच आकडा ४० आहे. छाती आत ओढली जात असेल तर एक तासही थांबू नये. भट्टीचा आणि चुलीचा धूर असलेल्या घरांत हा धोका अधिक असतो.

मी बाळाच्या आजीपुढे गोळा ठेवला. बाबांनी त्यांच्या भाषेत सारे समजावले. आजी बराच वेळ त्या कवटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, गाडी बोलवा." सरकारी रुग्णालयात बाळाला न्यूमोनियाच असल्याचे निदान झाले. सहाव्या दिवशी बाळ परत आले.

सगळेच आवाज घुबडाचे नसतात

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. "पक्षीच असेल" असे म्हणून प्रत्येक आवाजाकडे दुर्लक्ष करणे हीही चूकच. बिबट्या क्वचित ओरडतो. ओरडला तर लाकडावर करवत पुढेमागे चालवल्यासारखा खरखरीत, लयीतला आवाज येतो. कुत्री एकाएकी घाबरून घरात शिरली, वानरे रात्री खाकरू लागली, तर सावध व्हावे. बिबट्या प्रामुख्याने कुत्री, शेळ्या, डुकरे यांच्या मागे वस्तीजवळ येतो. त्याला पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात पट्टा बांधलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला होता. म्हणून आपली काळजी आपण घ्यावी. शेळ्या रात्री बंद जागेत ठेवाव्यात. उष्टे-खरकटे घराजवळ टाकू नये. मुलांना अंधारात एकटे पाठवू नये. बाहेर जाताना दोघे-तिघे मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जावे. बिबट्याची शंका आल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आवाजाला नाव मिळाले की काय करायचे तेही कळते. घुबड असेल तर झोपावे, बिबट्या असेल तर शेळी आत घ्यावी, आणि बाळाला धाप लागली असेल तर दवाखाना गाठावा. नाव नसलेली भीती मात्र यांतले काहीच करू देत नाही.

आपणांपैकी बहुतेकांना 'गव्हाण' हा शब्द नाताळमुळे ओळखीचा आहे. गुरांना वैरण घालायची ती जागा. गोठ्यात व माळ्यावर वस्ती करणाऱ्या या घुबडाचे नाव त्याच शब्दावरून आले आहे. पूर्वी ते माणसाच्या घराचा भाग होते. आता गोठे गेले, म्हणून ते इमारतींच्या पोकळ्यांत राहते. वीटभट्टीवरच्या आमच्या कुटुंबांसारखेच तेही मिळेल त्या आडोशाला संसार मांडते.

बाळ परत आल्याच्या रात्री ती किंकाळी पुन्हा ऐकू आली. सगळे क्षणभर थांबले. मग आजीच म्हणाल्या, "पाखरू अजून वरडतंय, आन् पोर तर हसतंय." माझ्या साऱ्या समजावण्यापेक्षा हे एक वाक्य वस्तीला अधिक पटले. दोन्ही कुटुंबे भट्टीवरच राहिली. आता अंधार पडला की मुले वही काढतात, आणि आवाज आला की आधी बाबांकडे धावतात.